कायम झालो, युनियनची पावती फाडली, आता करारात मागायचं काय?

चकचावी

मंडळी रामराम. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावात सीएनसी मशिनवर (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशिन) आहे, कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही. आधी ट्रेनी, मग परत ट्रेनी, मग ठेकेदाराच्या नावावर, एवढं सगळं करून आता कुठं कायम झालोय आणि झाल्या झाल्या युनियनची पावती फाडली. युनियन आणि कंपनीतला आमचा पगाराचा करार मार्चअखेर संपतोय, नवीन मागणीपत्र द्यायचंय. कमिटीतले काका गेट मीटिंगला म्हणाले यंदा नवीन पोरांनी पण काय पाहिजे ते लिहून द्या, नंतर कुरकुरू नका. मग एक वही फिरवली. परत आल्यावर बघितली तर वरपासनं खालपर्यंत "भरघोस पगारवाढ", "भरघोस पगारवाढ", मधेच एकानं "बुधवारी अंडाकरी". अंडाकरीला माझा पाठिंबाच आहे पण बाकीच्याचं काय? भरघोस म्हणजे किती, आणि पगार सोडून आणखी काय मागता येतं, हे आमच्यातल्या कुणालाच धड माहीत नाही. जुनी माणसं नुसता आकडा बोलतात, शेजारच्या कंपनीत एवढ्याचा झाला, तमक्या कंपनीत तेवढ्याचा, पण तो आकडा म्हणजे नक्की काय हे विचारलं की "तुला कळंल हळूहळू". ज्यांनी करार केलेत किंवा जवळनं बघितलेत त्यांनी जरा सांगा.

पांढरा_रस्सा

भावा आमच्यात युनियनच नाही. "साहेब, जरा बघा की" एवढीच आमची वाटाघाटी. वाचतोय.

रिटायर_मोल्डर

शिरोलीत मोल्डिंगला आयुष्य गेलं, कमिटीवर पण होतो, त्यामुळं बोलायचा हक्क आहे असं धरून चालतो.

पोरा, पहिलं ते आकड्याचं. "नऊ हजाराचा करार झाला" म्हटल्यावर नवीन पोरगं समजतं पुढच्या महिन्याला नऊ हजार वाढून येणार आणि शोरूमला जाऊन गाडी बघून येतं. तसं नसतं. तीन वर्षांचा करार असला की रक्कम तीन हप्त्यात फोडतात, ६०-२०-२० केली तर पहिल्या वर्षी ५,४००, पुढं १,८०० आणि १,८००. आता हेच ४०-३०-३० केलं तर पहिल्या वर्षी ३,६००च. आकडा तोच, हार-गुलाल तोच, पण पहिल्या वर्षात महिन्याला १,८०० गेले ना. आणि ते नऊ हजार तरी सगळे तुझे का? बऱ्याच ठिकाणी तो आकडा सीटीसीचा असतो, म्हणजे कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद, बोनस, कॅन्टीनची सबसिडी, बूट-युनिफॉर्म सगळं त्यात मोजलेलं. तवा पहिला प्रश्न, आकडा ग्रॉसचा (कपातीआधी स्लिपवर दिसणारा एकूण पगार) का सीटीसीचा. दुसरा, त्यातला बेसिक म्हणजे मूळ पगार आणि डीए म्हणजे महागाई भत्ता, यात किती पडणार.

मॅनेजमेंट भत्त्यात द्यायला बघते. धुलाई भत्ता, शिक्षण भत्ता, अमका भत्ता, नावं एवढी की स्लिप दोन पानाची होते. का, तर ग्रॅच्युइटी निघते शेवटच्या बेसिक अधिक डीएवर, वर्षाला १५ दिवस, महिना २६ दिवसांचा धरून. बेसिकात हजार रुपये ज्यादा असले तर २५ वर्षांच्या नोकरीला नुसत्या ग्रॅच्युइटीत चौदा हजाराच्या वर फरक पडतो, शिवाय महिन्याच्या महिन्याला पीएफ वेगळा. गंमत अशी की बेसिकसाठी भांडतात रिटायरला आलेली माणसं आणि जवान पोरं म्हणतात हातात किती येणार ते सांगा. खरं तर उलटं पाहिजे, तुमची अजून तीस वर्षं जायची आहेत.

डीए पण बघ. फिक्स आहे का व्हेरिएबल. लेबर ब्युरोचा महागाई निर्देशांक येतो त्याच्या पॉइंटमागे एवढे रुपये असं कलम असलं की तेलाचा डबा वाढला तर थोडं का होईना पगारात येतं. फिक्स डीए घेतला की तीन वर्षं बाजार वाढतो आणि तू तिथंच. किमान वेतनातला विशेष भत्तासुद्धा राज्यात दर सहा महिन्यांनी बदलतो, मग करारातल्या कामगारानं तीन वर्षं का थांबायचं?

पगारपत्रक

मी दुसऱ्या बाजूला बसतो, टाइम ऑफिस आणि पगार बघतो, त्यामुळं आयडी नवीन काढलाय :) काकांनी बरोबर सांगितलं, त्यात दोन गोष्टी घालतो ज्या नवीन पोरं कधीच विचारत नाहीत.

पीएफ. कायद्यानं १५,००० पर्यंतच्या पगारावर पीएफ बंधनकारक, त्यामुळं बऱ्याच कंपन्या तुमचा बेसिक-डीए कितीही होऊ दे १,८०० रुपयांवर वाटा थांबवतात. म्हणजे बेसिकसाठी भांडलात, मिळवलंत, आणि पीएफ तिथंच. "पूर्ण बेसिक अधिक डीएवर पीएफ" असं करारात लिहून घेतलं तरच वाढतो. स्लिप काढा आणि बघा, १,८०० दिसत असेल आणि बेसिक-डीए वीस हजाराचा असेल तर समजा.

दुसरं ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, हे फार महत्त्वाचं. २१,००० ची मर्यादा आहे. ट्रेनी असताना, ठेकेदाराकडं असताना तुम्ही त्यात होता, आई-वडील तुमच्यावर अवलंबून असतील तर ते पण कार्डवर होते. करार झाला, पगार २१,००० च्या वर गेला की तुम्ही बाहेर. लगेच नाही, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन काळ असतात, चालू काळ संपेपर्यंत कपात होत राहते, मग बंद. पोरं खूश होतात, ०.७५ टक्के कपात वाचली म्हणून. मग घरात कुणाचं ऑपरेशन निघालं की पळापळ. कंपनीची ग्रुप मेडिक्लेम असते पण त्यात बऱ्याचदा नवरा-बायको आणि दोन मुलं एवढीच. आई-वडील नसतात, आणि नवीन कायम झालेल्या पोराचं लग्नच झालेलं नसतं, त्याला खरी गरज आई-वडिलांचीच. तर मागणी अशी लिहा की जो ईएसआयच्या बाहेर जाईल त्याला त्याच दिवसापासनं मेडिक्लेम, आई-वडिलांसकट, आणि आधीपासनं असलेले आजार पहिल्या दिवसापासनं धरून. हप्ता कोण भरणार तेही लिहा, नाहीतर तुमच्याच पगारातनं जातो.

भत्त्यांबद्दल एक. २१ नोव्हेंबर २०२५ पासनं चारही कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात वेतनाची व्याख्या अशी आहे की वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. म्हणजे भत्त्यात पगार लपवायची सोय कमी झाली. पण याचा अर्थ आता भांडायचं काम नाही असा नव्हे, अर्धी रक्कम भत्त्यात अजून राहू शकते की.

चकचावी

बाप रे. आत्ताच स्लिप बघितली. १,८००.

पांढरा_रस्सा

आमच्यात स्लिपच देत नाहीत भावा, पाकिटावर पेनानं लिहिलेलं असतंय.

दोन_लेथवाला

सगळे एका सुरात बोलताय म्हणून दुसरी बाजू सांगतो. उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे, मोठ्या कंपन्यांची जॉबवर्कची कामं करतो. कास्टिंगचा दर किलोवर ठरतो, भंगार आणि पिग आयर्न वाढलं तर गिऱ्हाईक थोडाफार दर देतं, पण वीज वाढली, मजुरी वाढली तर "ते तुम्ही बघा". वर दरवर्षी म्हणतंय दर कमी करा. वाहन बाजार थंड झाला की शेड्यूल निम्म्यावर येतं आणि पगार मात्र पूर्ण द्यायचा. मला मान्य आहे की कामगारांनी मागावं, पण मागताना उत्पादनावर काय देणार तेही बोला ना. नुसतं द्या द्या केल्यावर मालक कायम माणूस घेणंच बंद करतो आणि सगळं ठेकेदारावर चालवतो. हे आपल्या सगळ्या एमआयडीसीत दिसतंय, माझं बोलणं कडू लागलं तरी.

चकचावी

दादा, राग नाही पण उत्पादनावरच येतो, कारण ते मशिनवर आम्ही नवीन पोरंच देतो. आमच्या एका जॉबचं, म्हणजे मशिनवर कापायच्या एका पार्टचं सांगतो. कटिंगचा सायकल टाइम ४ मिनिटं ३० सेकंद. जॉब काढायचा, चक (जॉब धरून ठेवणारा भाग) हवेनं साफ करायचा, दुसरा लावायचा, दार लावून स्टार्ट, याला ४० सेकंद. म्हणजे ५ मिनिटं १० सेकंद. आठ तासाची पाळी ४८० मिनिटं, त्यातनं जेवणाची ३० आणि चहाची दोनदा १०-१० गेली की ४३० राहतात. भागून बघा, ८३ जॉब. यात इन्सर्ट (कापायचं पातं) बदलणं नाही, गेजला लावून बघणं नाही, चिप्स ओढणं नाही, कुलंट भरणं नाही, लघवीला जाणं पण नाही. आता मॅनेजमेंटचा प्रस्ताव काय तर पाळीला ९५. ४३० भागिले ९५ केलं की एका जॉबला साडेचार मिनिटं आणि वर दोन सेकंद सुद्धा पुरते येत नाहीत. दोन सेकंदात जॉब काय लांबनं फेकून चकात बसवायचा?

आणि गंमत म्हणजे सही करणारे कमिटीतले बहुतेक जण आता मशिनवर नाहीत, स्टोअरला, टूल रूमला, डिस्पॅचला आहेत.

रिटायर_मोल्डर

हे लाख बोललास. नवीन मेंबरनं सगळ्यात जास्त कुठं लक्ष घालायचं असेल तर इथं. पगाराची वाढ सगळ्यांना वाटून मिळते पण उत्पादनाचं ओझं मात्र मशिनवरच्याच डोक्यावर. करारात "उत्पादकता वाढीस कामगार सहकार्य करतील" असं एक गुळगुळीत वाक्य असतं, तेच सगळ्यात महाग पडतं. तिथं लिहून घे की टार्गेट बदलायचं तर टाइम स्टडी (एका जॉबला किती वेळ लागतो ते मोजणं) युनियनच्या माणसासमोर होईल, एका पाळीचा नाही तर तिन्ही पाळ्यांचा, मशिनचं वय आणि इन्सर्टचा मेक धरून, दमणुकीची आणि वैयक्तिक गरजेची सूट मोजून. मशिन बंद पडलं, लाइट गेली, मटेरियल आलं नाही, कास्टिंग हार्ड निघालं तर तेवढं टार्गेट कमी. आणि एका माणसाकडं दोन मशिनं द्यायची असतील तर त्याचे वेगळे पैसे, ते "सहकार्य" नव्हे.

लेथवाले साहेबांचं एक खरं आहे, मागताना द्यायची तयारी दाखवली की टेबलावर वजन येतं. आमच्या वेळी रिजेक्शन कमी करायचं आम्ही आपणहून बोललो होतो. वाळूचा ओलावा नीट ठेवला, कोअर (कास्टिंगच्या आतली पोकळी धरणारे वाळूचे साचे) वेळेत मिळाले की ब्लो होल (कास्टिंगमधली हवेची भोकं) कमी येतात, त्यात मालकाचं भलं आणि आमची पाठ पण मोडत नाही. त्या बचतीतला हिस्सा मागितला आणि मिळाला. पळवून पळवून जे उत्पादन काढतात त्यापेक्षा हे बरं.

दोन_लेथवाला

रिजेक्शनचं बोलणं कुठलाही मालक ऐकून घेईल. ९५ चा हिशोब मलाही पटला नाही, लिहिणाऱ्यानं मशिन बघितलेलं दिसत नाही.

कोअरशॉप_ताई

इथं सगळे दादालोकच बोलायलेत म्हणून मी लिहिते. आमच्यात कोअर शॉपला आणि इन्स्पेक्शनला बायका बऱ्याच आहेत, कायम झालेल्या थोड्या. मागणीपत्रात आमचं काय असतं? हळदीकुंकवाला साड्या. खरंच, मागच्या वेळी हे होतं.

साडी नको, दार लागणारी आणि पाणी असणारी बाथरूम आमच्या शॉपजवळ पाहिजे. सध्याची गेटजवळ आहे, जाऊन यायला पंधरा मिनिटं लागतात आणि सुपरवायझर घड्याळ बघत उभा. मग बायका पाणीच पीत नाहीत, उन्हाळ्यात भट्टीच्या अंगाला. मुतखड्याचा त्रास किती जणींना झालाय ते कमिटीनं कधी विचारलं नाही. कपडे बदलायची खोली पाहिजे, कोअरच्या रेझिनचा वास अंगाला घेऊन बसमधनं जाताना माणसं बाजूला सरकतात. पाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा कायद्यात आहेच, ते करारात मागायचं कामच नाही, पण परत आल्यावर तीच जागा, तीच ग्रेड आणि सिनिऑरिटी तुटणार नाही एवढं लिहून पाहिजे. आणि सेकंड शिफ्ट सुटल्यावर कागल, हुपरी, वडगावकडं जाणाऱ्या पोरींना कंपनीची गाडी घरच्या फाट्यापर्यंत. हायवेला सोडली म्हणजे झालं असं नको.

वाटाघाटीच्या कमिटीत एक तरी बाई घ्या, एवढी एक मागणी तर मॅनेजमेंटकडं नाही, आपल्याच युनियनकडं करायची आहे.

चकचावी

ताई हे मी शब्द न् शब्द उतरवून घेतलं. आमच्या वहीत एकाही पोरीचं नाव नाही, वही त्यांच्याकडं गेलीच नव्हती.

रिटायर_मोल्डर

फौंड्रीवाल्यांनी ताईच्या मागणीला जोडून तपासणीचं घ्या. फेटलिंगला, नॉकआउटला, शॉट ब्लास्टला, म्हणजे कास्टिंग साच्यातनं काढून साफ करायच्या जागी काम करणाऱ्याच्या छातीत सिलिकाची धूळ जाते. सिलिकोसिस हा कायद्यानं नोंद करायचा आजार आहे आणि एकदा झाला की बरा होत नाही. नव्या नियमात चाळिशीच्या वरच्यांची वर्षाला फुकट तपासणी आहे, पण विशीतल्या पोराच्या फुप्फुसाला धूळ वय विचारून जात नाही. छातीचा एक्स-रे, फुंकून बघायची टेस्ट, कानाची टेस्ट, सगळ्यांची दरवर्षी, आणि रिपोर्टची कॉपी कामगाराच्या हातात. रिपोर्ट ऑफिसच्या कपाटात राहिला तर काय उपयोग? नवीन पोराची पहिल्या वर्षीची तपासणी तर झालीच पाहिजे, नंतर म्हणायला नको की हा आजार तू घरनं घेऊन आलास.

तिसरी_पाळी

मी अजून ठेकेदाराचा. चकचावी, तू पार पडलास म्हणून अभिनंदन, पण एक विचारू का, करारात आमच्यासाठी काय मागणार? का आता आत गेल्यावर दार लावून घेणार?

आणि तुझ्यासाठी पण एक धोक्याची गोष्ट सांगतो. आमच्या इथं मागच्या करारात एक ओळ घातली, अमक्या तारखेनंतर कायम होणाऱ्यांना नवीन ग्रेड. जुन्या ऑपरेटरचा बेसिक एक आणि नवीनचा त्याच्या निम्मा, मशिन तेच, जॉब तोच. जुन्यांनी सही केली कारण त्यांचं काही जात नव्हतं. आता नवीनांची संख्या जास्त झालीय आणि युनियनमध्येच दोन तट पडलेत, मॅनेजमेंटला आणखी काय पाहिजे.

रिटायर_मोल्डर

ही ओळ मी पण बघितलीय, दोन-तीन कंपन्यांत. असली दुहेरी ग्रेड कितीही मोठ्या आकड्याच्या बदल्यात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. घेतलीच असेल तर निदान किती वर्षांत नवीन ग्रेड जुन्याला मिळणार ते तारखेसकट लिहून घ्या. तसंच सर्व्हिस वेटेजचं बघ, सेवेच्या वर्षाला एवढे रुपये असं असतं, ते जुन्यांसाठी योग्यच आहे, पण वाढीची सगळीच रक्कम वर्षांवर वाटली तर नवीन पोराच्या पदरात चहापाणी पडतं. मोठा भाग सगळ्यांना सारखा आणि थोडा वर्षांवर, असं मागा.

काळाकोट

कामगार कोर्टात उभा राहतो, थोडक्यात सांगतो.

करार कुणाला लागू होतो हे सहीवर ठरतं. मॅनेजमेंट आणि युनियननं आपापसात सही केली तर तो त्या दोघांपुरता बांधील. सहाय्यक कामगार आयुक्तांकडं समेटाच्या कामकाजात सही झाली, ज्याला जुनी माणसं बारा-तीनचा करार म्हणतात, तर तो त्या दिवशीच्या सगळ्या कामगारांना आणि नंतर कामावर येणाऱ्यांनाही लागू होतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, नव्या संहितेतही हा भेद आहे. नवीन सभासदांनी समेटातल्या सहीचा आग्रह धरावा.

मुदत संपली म्हणून जुना करार दुसऱ्या दिवशी मरत नाही. लेखी नोटीस देऊन दोन महिने होईपर्यंत तो चालूच राहतो. म्हणून नोटीस वेळेत द्या. आणि नवीन करार कधीही होऊ दे, लागू मात्र जुना संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासनं, फरकासकट, हे पहिल्याच कलमात. बोलणी वर्षभर लांबवायची आणि मग सहीच्या तारखेपासनं वाढ द्यायची, यात एका वर्षाचा पैसा सरळ वाचतो मालकाचा.

आपल्या राज्याच्या १९७१ च्या कायद्यात युनियनला मान्यता घ्यायला ३० टक्के सभासद लागायचे. केंद्राच्या नव्या संहितेत अनेक युनियन असतील तर एकटीनं बोलणी करायला हजेरीपटावरच्या ५१ टक्क्यांचा पाठिंबा लागतो, तेवढा कुणाकडंच नसला तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या युनियनांची मिळून परिषद. म्हणजे कमिटीला आता तुमच्या पावत्यांची गरज पूर्वीपेक्षा जास्त आहे. "तुला कळंल हळूहळू" म्हणणाऱ्या काकांना हे नम्रपणे सांगा.

आणि रागाच्या भरात सगळ्यांनी एकदम रजा टाकायचं कुणी सुचवलं तर ऐकू नका. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी मिळून टाकलेली किरकोळ रजा आता संपच धरतात, आणि संपाला १४ दिवसांची नोटीस लागते.

बॉयलिंगहाऊस

साखर कारखान्यातला आहे. आमचं वेगळं, राज्यभराचा एकच त्रिपक्षीय करार, सरकार, कारखान्यांचा संघ आणि कामगार प्रतिनिधी. करार झाल्याचं पेपरात वाचतो, पेढे पण वाटतो. मग फरक कुठाय म्हणून चेअरमनच्या दारात. तवा माझ्याकडनं एकच, फरकाचे हप्ते, त्यांच्या तारखा आणि उशीर झाला तर व्याज, हे लिहून घ्या. "परिस्थितीनुसार" हा शब्द दिसला की सही करू नका, आमचे सगळे हप्ते त्या शब्दात अडकलेत. आणि आमच्यात हंगामी माणूस असतो तसा तुमच्यात ठेकेदाराचा, त्याला विसरू नका.

चकचावी

आज सुट्टीच्या दिवशी दसरा चौकात आम्ही नवीन पोरं आणि इन्स्पेक्शनच्या तिघीजणी बसलो. वही बाजूला ठेवून साधा कागद घेतला. बाथरूम आणि गाडी एकमतानं वर गेलं, पोरींनी लावून धरलं. मेडिक्लेम आई-वडिलांसकट. पूर्ण बेसिकवर पीएफ यावर मात्र जुंपली, निम्मी पोरं म्हणतात आपला पण वाटा वाढून हातात कमी येणार, गाडीचा हप्ता कोण भरणार. शेवटी ते ठेवलं पण "कंपनीचा वाटा वाढीच्या रकमेबाहेर" असं लिहून. टाइम स्टडीचं कलम मी लिहिलं, ९५ चा हिशोब मागं जोडलाय.

तिसरी_पाळी, तुझा प्रश्न काढला. ठेकेदाराच्या पोरांना रिकाम्या जागेवर सेवाज्येष्ठतेनं घ्यायचं आणि दरवर्षी किती जागा ते ठरवायचं, अशी मागणी घातलीय. दोघंजण नको म्हणाले, आपला आकडा कमी होईल म्हणून. बाकीच्यांनी घालायला लावली, कारण आम्ही सगळे तिथनंच आलोय. मिळंल का माहीत नाही. दुहेरी ग्रेड कुठल्याही किमतीला नाही, हे पहिल्या ओळीत.

आकडा आम्ही लिहिलाच नाही, तो कमिटीनं ठरवावा, फक्त ग्रॉसचा असावा आणि ६० टक्के पहिल्या वर्षी. उद्या फर्स्ट शिफ्टला काकांच्या हातात देतोय.

तिसरी_पाळी

घातलीस ते बरं केलंस. बघू.

काळाकोट

नुसतं हातात देऊ नका. दोन प्रती करा, सगळ्यांच्या सह्या आणि टोकन नंबर घाला, आणि तुमच्या प्रतीवर सरचिटणीसाची सही, तारीख आणि युनियनचा शिक्का घेऊन या. मागणीपत्र कंपनीला दिल्यावर त्याची पण पोच बघायला मागा, आणि तुमची कलमं त्यात आहेत का ते वाचून घ्या.

पांढरा_रस्सा

अंडाकरीचं काय झालं ते कुणी सांगितलंच नाही.

चकचावी

आहे की. कॅन्टीनच्या कलमात, बुधवार आणि शनिवार.